आधी वर जा, मग खाली या: छोट्या बोटीने नदीवरचा एक दिवस

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: साडेपाच मीटरची उघडी बोट, मागे 40 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, 25 लिटरची उचलून नेता येणारी टाकी. चार मोठी माणसं आणि सात वर्षांची मुलगी. सकाळी निघून प्रवाहाबरोबर 30 किलोमीटर खाली जायचं, तिथे जेवायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. तर पेट्रोल किती लागेल आणि बरोबर काय काय घ्यावं?

पेट्रोलचा हिशोब खाली देतोच. पण या बेतातली खरी अडचण पेट्रोलची नाही, दिशेची आहे. सकाळी ताजेतवाने असताना, ऊन कोवळं असताना, टाकी भरलेली असताना तुम्ही सोपं काम उरकताय. आणि अवघड काम दमल्यावर, मावळतीच्या उजेडात, अर्ध्या टाकीवर ठेवताय. नदीवर दिवसाची सहल करायची तर आधी प्रवाहाच्या विरुद्ध वर जावं आणि परतताना प्रवाहाबरोबर खाली यावं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे आकड्यांतच बघू.

बोटीचा पाण्यातला वेग ताशी 9 किलोमीटर आणि प्रवाह ताशी 3 किलोमीटर धरा. खाली जाताना किनाऱ्याच्या हिशेबाने तुम्ही 12 ने जाता, म्हणजे 30 किलोमीटरला अडीच तास. परत येताना 6 ने, म्हणजे पाच तास. एकूण साडेसात. आता वर कुठे पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं आणि प्रवाह 3 चा साडेचार झाला असं समजा. खाली जायला सव्वादोन तास लागतील आणि सगळे खूश होतील; वर यायला मात्र सहा तास चाळीस मिनिटं. म्हणजे जाताना जेमतेम पाव तास वाचला आणि येताना शंभर मिनिटं गेली. आधी वर गेलात तरी एकूण वेळ तेवढाच लागतो, हिशोबात काही फरक पडत नाही. फरक एवढाच की प्रवाह तगडा आहे हे सकाळी पहिल्या तासातच कळतं, आणि तेव्हा वळून येणं अगदी सोपं असतं.

दुसरं कारण इंजिनाचं. वर जाताना इंजिन बंद पडलं तर नदी तुम्हाला घराकडे आणते. खाली जाऊन बंद पडलं तर नदी घरापासून आणखी लांब नेते. तिसरं कारण रुतण्याचं आहे, ते पुढे सविस्तर येईल.

प्रवाह किती आहे हे विचारत बसू नका, मोजा. धक्क्यावर 50 मीटर अंतर पावलांनी मोजून घ्या, मधल्या धारेत एखादी काटकी टाका आणि घड्याळ लावा. 50 मीटरला 60 सेकंद लागले तर प्रवाह ताशी 3 किलोमीटर, 40 सेकंद लागले तर साडेचार. काठाजवळचं पाणी संथ असतं, तिथे मोजलं तर फसाल. बोटीत बसल्यावर मोबाइलच्या जीपीएसवर जास्त नेमकं कळतं: इंजिनाचे फेरे तेच ठेवून दोन मिनिटं वर जा, दोन मिनिटं खाली या. दोन वेगांतल्या फरकाचा निम्मा म्हणजे प्रवाह, आणि दोन्हींची सरासरी म्हणजे बोटीचा पाण्यातला खरा वेग.

आता पेट्रोल. या आकाराचं फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण ताणून चालवलं तर तासाला साधारण 13 ते 15 लिटर पितं. निवांत चालीला तीनेक लिटर पुरतात. मधलं सगळं तुमच्या वजनावर, पंख्यावर (म्हणजे प्रोपेलरवर) आणि बोटीच्या तळावर अवलंबून आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या बोटीचा आकडा उसना घेऊ नका. टाकी खुणेपर्यंत भरा, ठरावीक फेऱ्यांवर तासभर चालवा, परत खुणेपर्यंत भरा. जितके लिटर गेले तो तुमचा आकडा. निवांत चालीत साडेसात तासांना तीन लिटरप्रमाणे साडेबावीस लिटर लागतील. एकूण पेट्रोलचा एक तृतीयांश भाग राखीव हवा, म्हणजे 34 लिटरच्या आसपास बरोबर हवेत. तुमची 25 ची एक टाकी पुरणार नाही, तशीच दुसरी घ्या. आणि प्रवासातच ओतावं लागेल असा सुटा डबा नको. हलत्या बोटीत पेट्रोल ओतणं हा दिवसातला सगळ्यात वाईट उद्योग. नळी एका टाकीतून काढून दुसऱ्या टाकीला लावणं एवढंच काम राहिलं पाहिजे.

‘एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव’ हा नियम तुम्ही वाचलेला असेल. तो साचलेल्या पाण्यासाठी ठीक आहे. वरच्याच उदाहरणात खाली जाताना एक तृतीयांश संपवलंत तर परत यायला बरोबर दुप्पट, म्हणजे उरलेलं सगळं लागेल आणि राखीव शून्य. आधी खाली जायचंच असेल तर वर यायचा वेळ जायच्या वेळेच्या किती पट आहे ते काढा. दुप्पट असेल तर पाव टाकी संपायच्या थोडं आधीच वळावं लागतं. तिप्पट असेल तर सहावा हिस्सा संपला की. आधी वर गेलात तर ही कटकटच नाही, तिथे अर्धी टाकी होईपर्यंत गेलात तरी परतीला भरपूर उरतं.

वेगाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. बोट पाणी कापत चालते तेव्हा तिच्या लांबीनुसार वेगाला एक मर्यादा असते: पाण्यातल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले साडेचार, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. पाच मीटरला साधारण 10. त्यापुढे इंजिन ताणलं की पुढचं टोक वर उठतं, मागचं खाली बसतं, समोरचं दिसेनासं होतं, पेट्रोल दुपटीने जातं आणि मागे मोठी लाट उठते. आणखी ताणलं की बोट वर उचलली जाते आणि पाण्यावरून घसरत पळते, याला प्लेनिंग म्हणतात. मग पुढचं टोक खाली येतं आणि खर्च किलोमीटरमागे परत बरा होतो. पाच माणसं, दोन टाक्या आणि सामान घेऊन तुमचं 40 चं इंजिन बोट उचलेल की नाही हे करून बघायला हवं. उचलत नसेल तर मधल्या अवस्थेत कुथत जाऊ नका, 8–9 वर या आणि अंतर कमी करा. 30 किलोमीटरचे 18 केले तर सहल बिघडत नाही. जोरदार प्रवाहात वर जाताना मात्र उचललेली बोट किलोमीटरमागे कमी पेट्रोल खाऊ शकते, कारण प्रवाहाशी झगडण्याचा वेळच कमी होतो.

नदी वाचणं हा खरा विषय. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी वेगाने जातं आणि तळ खरवडतं, म्हणून खोली तिथे. आतल्या अंगाला पाणी मंदावतं, वाळू टाकतं, तिथे उथळ. म्हणून वळणावर सरळ आतून कापून जायचा मोह टाळा. मात्र अगदी बाहेरच्या काठालाही चिकटू नका, खचलेल्या काठावरून पडलेली झाडं तिथेच अडकलेली असतात. एक वळण संपून उलट दिशेचं वळण सुरू होतं त्या मधल्या जागेवर खोल धार या काठाकडून त्या काठाकडे ओलांडते, आणि तिथे नदीभर आडवी उथळ पट्टी असते. नवे लोक रुततात ते बहुतेक इथेच, कारण नदी तिथे रुंद, सरळ आणि सज्जन दिसते.

पृष्ठभागाकडे बघा. टोक प्रवाहाच्या वरच्या बाजूला असलेला बाणासारखा आकार दिसला तर त्या टोकाशी दगड किंवा खुंट आहे. टोक खालच्या बाजूला असेल तर दोन अडथळ्यांच्या मधून मोकळं पाणी वाहतंय, वाट तिथून आहे. एकाच जागी सतत खळखळणारा पट्टा म्हणजे उथळ. वारा सुटला की या खुणा पुसट होतात, मग वेग कमी करणं एवढाच इलाज. कमी कोनातल्या उन्हात पोलराइज्ड चष्मा उपयोगी पडतो.

तळ जवळ आल्याची चाहूल आधी मागून लागते. बोटीमागची लाट एकाएकी उभी होते आणि जवळ येते, इंजिनाचा सूर जड होतो, पंख्यामागचं पाणी गढूळ होतं. लगेच थ्रॉटल कमी करा, पण एकदम सोडू नका. उचललेली बोट झटक्यात थांबवली की मागचा भाग खाली बसतो आणि तेवढ्यानेच पंखा आपटतो. टेकलीच तर न्यूट्रल, इंजिन बंद, इंजिन वर उचला. सगळ्यांचा हात रिव्हर्सवर जातो, आणि तेच करू नये: पंखा वाळू पुढे ढकलून बोटीखाली भरतो, आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर वाळू पंपात ओढली जाते. माणसांना खोल बाजूकडे सरकवा, वल्ह्याने रेटा, आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे जा. वर जाताना टेकलात तर प्रवाहच मागे ढकलतो, बहुतेक वेळा दोन मिनिटांत सुटका होते. खाली जाताना टेकलात तर हाच प्रवाह बोटीला वाळूवर आणखी चढवतो. मघाशी म्हटलेलं तिसरं कारण ते हे. अशा वेळी नांगर वरच्या बाजूला जमेल तितका लांब टाकून दोराने ओढून घ्यावं लागतं. कोणी पाण्यात उतरणारच असेल तर पाणी गुडघ्याच्या खाली असेल तरच, लाइफ जॅकेट घालून, आणि बोटीच्या खालच्या अंगाला कधीही नाही. सुटलेली बोट थेट अंगावर येते.

नांगर पुढच्या टोकालाच बांधा. वाहत्या पाण्यात मागून नांगर टाकला की मागची बाजू खाली ओढली जाते, पाणी आत येतं आणि उघडी बोट मिनिटभरात भरते. दोर किती सोडायचा? पाण्याची खोली अधिक पाण्यापासून पुढच्या टोकाची उंची, गुणिले सहा. तीन मीटर खोली आणि एक मीटर उंची असेल तर 24 मीटर. तुम्हाला 40 मीटर दोर आणि नांगराला लागून तीनेक मीटर साखळी पुरेल. साखळीमुळे ओढ आडवी राहते आणि नांगर तळ धरतो. दोर कमी सोडला की नांगर नुसता उचलला जातो. दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलंय ना, हे धक्क्यावरच बघा. आणि हा सगळा संच सामानाखाली नको, हाताशी हवा. इंजिन बंद पडल्यावर तुमचा ब्रेक तोच आहे.

बंधाऱ्यांपासून लांब राहा, वरूनही आणि खालूनही. वरून बघताना बंधारा दिसतच नाही, पाण्याची एक सपाट रेघ तेवढी दिसते आणि पलीकडे नदी जणू संपते. खालून जवळ गेलात तर कोसळणाऱ्या पाण्याच्या पायथ्याशी पृष्ठभागाचं पाणी उलटं, बंधाऱ्याकडे वाहत असतं आणि बोटीला आत ओढतं. त्या घुसळणीतून लाइफ जॅकेट घातलेला माणूसही सहज सुटत नाही. नकाशावर बंधारा असेल तर त्याच्या बरंच अलीकडे तुमची सहल संपते. लॉक, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा दरवाज्यांचा हौद, असेल तर एका लॉकला वीस-तीस मिनिटं धरा. आतमध्ये दोर खुंट्याभोवती फिरवून हातात धरा, गाठ मारू नका, नाहीतर पाणी उतरताना बोट दोराला लटकते.

मोठ्या जहाजांच्या वाटेत जाऊ नका. मार्गाच्या उजव्या कडेने चला. भरलेल्या मालवाहू जहाजाच्या चालकाला समोरचं काही शे मीटर पाणी दिसतच नाही, आणि प्रवाहाबरोबर येणारं जहाज थांबूही शकत नाही, तेव्हा वर जाणाऱ्यानेच वाट द्यावी. ते काठाजवळून गेलं की आधी काठाचं पाणी खाली ओढलं जातं आणि मग लाटेसारखं परत येतं. वाळूवर टेकवलेली बोट तेव्हा आपटते. नदीचा डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात, हे लक्षात असलं तर नकाशा वाचताना गोंधळ होत नाही. बोयांचे (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे) रंग मात्र जगभर एक नाहीत: बहुतेक देशांत वर जाताना लाल बोया डावीकडे ठेवतात, अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्ये उजवीकडे. आपल्या नदीवर काय चालतं ते आधी बघून घ्या.

धक्क्याला लागताना तोंड प्रवाहाकडेच हवं. खाली येत असाल तर धक्का ओलांडून पुढे जा, वळा आणि वर चढत या. प्रवाहाइतकाच वेग ठेवलात की बोट जागच्या जागी उभी राहते, मग सुकाणू किंचित धक्क्याकडे वळवलं की ती आडवी सरकत येते. पहिला दोर पुढचा. निघताना उलट: आधी पुढचा दोर सोडा, पाणी पुढचं टोक बाहेर ढकलेल, मग मागचा. प्रवाहाबरोबर येऊन लागायचा प्रयत्न केलात तर थ्रॉटल कमी केल्यावरही बोट पुढेच जात राहते, आणि सुकाणू ऐकेनासं होतं.

जेवायला थांबाल तिथे पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवा. अर्ध्या तासाने काडी पाण्यात गेलेली दिसली तर पातळी वाढतेय, आवरतं घ्या. ती कोरड्यात मागे राहिली तर पाणी उतरतंय, बोट थोडी पाण्यात ढकलून घ्या. कोणी पोहणार असेल तर इंजिन बंद आणि किल्ली खिशात. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही. पंखा आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्ही तिथेच असतात.

इंजिनाचं तपशिलात सांगतो, कारण नदीवर बंद पडायची कारणं ठरलेली आहेत. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात मागून पाण्याची बारीक धार यायला हवी. ती नसेल किंवा लुळी असेल तर लगेच बंद करा. आधी पाणी ओढायच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ आहे का बघा, मग धारेचं भोक बारीक तारेने मोकळं करा. तरीही नसेल तर पंपातला रबरी इम्पेलर गेलाय. गाळाच्या पाण्यात तो लवकर झिजतो, दर मोसमाला बदलणं परवडतं. दुसरं, इंजिन दहा मिनिटं छान चालून विझलं आणि नळीतला रबरी फुगा चपटा झालेला दिसला तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल येत नाही, दुसरं काही नाही. तिसरं, फेरे वाढतात पण बोट हलत नाही: पंख्यामधलं रबर सुटलंय. अगदी हळू चालवून घरी पोचता येतं. बरोबर जादा पंखा, त्याचा नट उघडायचा पाना, पक्कड आणि दोन-तीन स्प्लिट पिना ठेवा. पंख्याला गुंडाळलेला मासेमारीचा दोरा दिसला तर पंखा काढून मुळापासून काढा. तो सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं, तेल दुधाळ होतं.

टाक्या बोटीतून बाहेर, जमिनीवर ठेवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते.

सामानात बाकी फार विचार नको. जादा पाणी, टोप्या, 15–20 मीटरचा फेकायचा दोर, शिट्टी, वल्ही, बादली. लाइफ जॅकेट मात्र घातलेलीच हवीत, सीटखाली नव्हेत. मुलीसाठी पायांमधून पट्टा असलेलं, तिच्या वजनाचं, फोम भरलेलं घ्या. हवेने फुगणारं नको. घातल्यावर खांद्यांना धरून उचलून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. चालकाने किल स्विचची (चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी अंगाला अडकवायची, प्रत्येक वेळी. आणि पाण्यात उतरवण्याआधी तळाचं बूच लावलंय ना, हे हाताने चाचपून बघा, नजरेने नव्हे.

निघताना वळायची वेळ ठरवून मोबाइलवर गजर लावा. ठरलेलं ठिकाण आलं नसलं तरी गजर झाला की वळा, आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या माणसाला ती वेळ, परतायची वेळ आणि नदीचा कुठला भाग हे सांगून ठेवा.

एवढं सगळं वाचूनही खालचंच ते ठिकाण बघायचं असेल तर एकेरी सहल करा. गाडी आणि ट्रेलर सकाळीच खालच्या उताराशी नेऊन ठेवा, बोट वर सोडा, दिवसभर प्रवाहाबरोबर या आणि तिथेच बाहेर काढा. पेट्रोल निम्म्याहून कमी लागेल आणि संध्याकाळची घाई राहणार नाही. फक्त तो उतार गाडी ठेवतानाच नीट बघा: सिमेंटचा भाग पाण्याखाली कुठपर्यंत जातो, शेवटी खड्डा आहे का, आणि नदी अर्धा मीटर उतरली तर ट्रेलरची चाकं सिमेंटवर राहतील की चिखलात.